वाजवणं फिकं वाटतंय आणि मन फोटोत रमतंय: एका वादकाच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न विचारणारे वादक बारा वर्षं संगीतावर जगताहेत. आठवड्याला दोन-तीन कार्यक्रम, मधूनमधून रेकॉर्डिंग, उरलेल्या वेळात शिकवण्या. गेलं वर्षभर वाजवताना आतून काही हलत नाही, हात चालतात आणि मन भलतीकडे असतं, असं ते लिहितात. नेमका याच काळात त्यांना डब्याच्या पिनहोल कॅमेऱ्याचा (लेन्सऐवजी बारीक छिद्र असलेला डबा) आणि सायनोटाइपच्या निळ्या प्रिंटचा (रसायन लावलेल्या कागदावर ऊन देऊन काढलेलं चित्र) नाद लागला. सुटीचा अख्खा दिवस त्यात जातो. हा वेळ रियाजातून चोरलेला आहे का, यातून संगीताला काही मिळेल का, की ही निव्वळ पळवाट आहे, असा त्यांचा प्रश्न. जाता जाता त्यांनी एक व्यवहारातली अडचणही विचारलीय: प्रिंट धुताना निळा रंग पाण्याबरोबर वाहून जातो, त्याचं काय करायचं? तिचं उत्तर शेवटी देते.

मी २६ वर्षं व्हायोलिन वाजवते आहे. त्यातली बहुतेक दुसऱ्यांच्या गाण्यांत आणि दुसऱ्यांच्या मंचावर गेली. फोटोचा नाद लागून आता १४ वर्षं झाली. तुम्ही आज जिथे आहात तिथे मी दोन वर्षं काढली आहेत, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

सगळ्यात आधी एक शहानिशा करा. वाजवणं नकोसं होण्यामागे शरीराचं कारण तर नाही? मनगट, खांदा, मान यांचं दुखणं महिनोन्‌महिने अंगावर काढलं की मन आपोआप वाद्यापासून लांब पळतं आणि आपण त्याला कंटाळा म्हणतो. कानांचंही तसंच. कामाच्या जागी आवाजाची जी मर्यादा साधारणपणे मानतात ती ८ तासांसाठी ८५ डेसिबल. त्यापुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होत जातो. म्हणजे ९४ डेसिबलला एक तास आणि १०० ला पंधराच मिनिटं. मंचावर मॉनिटरसमोर, म्हणजे वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरसमोर, दोन-दोन तास उभा राहणारा वादक ही मर्यादा सहज ओलांडतो, आणि थकलेल्या कानाला कुठलाच सूर गोड लागत नाही. दुखत असेल, कानात शिट्टी वाजत असेल, तर आधी डॉक्टर गाठा. बिदागी वेळेवर मिळत नसेल, एखाद्या संचात तुमची घुसमट होत असेल, तर तेही आधी निस्तरा. असले प्रश्न डार्करूममध्ये, म्हणजे फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत, सुटत नाहीत, फक्त तिथे काही तास ऐकू येत नाहीत.

यातलं काही नसेल तर माझं उत्तर स्पष्ट आहे. वेळ चोरलेला नाही. छंद सोडू नका आणि वाजवणंही कमी करू नका. मात्र फोटोतून संगीताला नेमकं काय मिळतं, याबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. ‘प्रेरणा मिळते’ असं सगळे म्हणतात. मला ती तशी कधी मिळाली नाही. मिळालं ते वेगळंच, आणि ते सांगण्यासाठी आधी आपल्या कामाकडे वळावं लागेल.

स्टुडिओत कानात ताल मोजणारा क्लिक असतो, समोर नोटेशन असतं, काचेपलीकडच्या माणसाला काय हवंय ते त्याच्या डोक्यात पक्कं असतं. आपण तिसऱ्या टेकला ते देतो आणि पुढच्या कामाला निघतो. आधीच ठरलेल्या जागी कमीत कमी फेऱ्यांत पोचणं हे आपलं कौशल्य. मला त्याचा अभिमान आहे, ते कमवायला दहा वर्षं लागली. पण त्याची किंमत कानाला मोजावी लागते. वर्षानुवर्षं उणं-अधिकच शोधत राहिलं की कान तपासनीस होतो. एका सकाळी मी मोकळी तार लांब गजाने ओढत होते. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं, की गज जरा तिरका जातोय, टोकाशी दाब उतरतोय, एवढंच मी ऐकत होते. तारेचा आवाज कसा होता असं कुणी विचारलं असतं, तर मला सांगता आलं नसतं. तुम्ही म्हणता ते ‘आतून काही हलत नाही’ मला तरी असंच कळलं.

आता तुमचा डबा घ्या. छिद्रापासून कागद १०० मिलिमीटरवर असेल तर छिद्राचा योग्य व्यास साधारण ०.४ मिलिमीटर, म्हणजे एफ/२५० (अंतर भागिले व्यास; आकडा मोठा तितका प्रकाश कमी). लेन्सवर एफ/१६ ला जेवढा प्रकाश आत येतो त्याच्या जवळपास अडीचशेव्या हिश्शाएवढा. त्यात फिल्मऐवजी फोटोचा कागद घातला, तर त्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता आयएसओ ६ च्या आसपास, म्हणजे फारच कमी. त्यामुळे लख्ख उन्हातही पाऊण मिनिट लागतं आणि खोलीत खिडकीपाशी तास-दीड तास. शिवाय एक्स्पोजर, म्हणजे प्रकाश देण्याचा वेळ, लांबलं की कागद सुस्तावतो, हिशेबाने येणाऱ्या वेळेच्या दुप्पट वेळ द्यावा लागतो. एवढा वेळ तुम्हाला करण्यासारखं काहीच उरत नाही. मध्येच थांबून सुधारता येत नाही, पंच-इन करून चुकलेला तुकडा पुन्हा भरता येत नाही, अर्धवट बघताही येत नाही. वादकाच्या आयुष्यात अशी जागा दुसरी कुठली नाही. आपण वाजवतो त्याच क्षणी ऐकतो आणि ऐकतो त्याच क्षणी दुरुस्त करतो.

एक प्रसंग सांगते. छंदाच्या तिसऱ्या वर्षी मी खिडकीजवळच्या कपाटावर डबा ठेवला, झाकण उघडलं आणि त्याच्यासमोर उभी राहून अडीच तास रियाज केला. संध्याकाळी कागद डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, टाकला. लाल दिव्यात आधी खिडकीची चौकट उमटली, मग म्युझिक स्टँड. स्टँडच्या पायांच्या कडा स्वच्छ होत्या, पण वरची पानं वाऱ्याने सतत हलत असल्याने त्यांच्या जागी नुसतं धुकं होतं. मी मात्र कुठेच नव्हते. गज नाही, हात नाही, चेहरा नाही. कमरेच्या उंचीवर एक पुसटशी सावली आणि खाली जमिनीवर दोन बूट. डावा बूट नाडीच्या गाठीसकट स्पष्ट, उजवा विरघळल्यासारखा.

तो प्रिंट मी कितीतरी वेळ हातात धरून बसले होते. अडीच तास मी सगळा भार डाव्या पायावर टाकून उभी होते, म्हणूनच तो बूट इतका स्पष्ट उमटला होता. तोवर चार वर्षं माझी कंबर डावीकडे धरत होती. आरशासमोर रियाज करून, स्वतःचे व्हिडिओ बघूनही हे कधी दिसलं नव्हतं, कारण तिथे मी डावा हात आणि गज बघत होते. चुका शोधायला बसले होते आणि आधीच माहीत असलेल्या चुकाच सापडत होत्या. डब्याकडे मी काहीच मागितलं नव्हतं. मला फोटोतून संगीतासाठी मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट ही: काय हवंय ते न ठरवता सुरुवात करायची, शेवटपर्यंत हात लावायचा नाही, आणि मग जे समोर येईल ते आधी नीट बघायचं, बरं-वाईट नंतर ठरवायचं.

प्रायोगिक फोटोग्राफी हा शब्द मी याच अर्थाने वापरते. लास्लो मोहोली-नॉज या कलावंताने १९२२ मध्ये एक लेख लिहिला होता. त्याचं म्हणणं असं, की जी साधनं आपण फक्त नक्कल उतरवून घ्यायला वापरतो ती नवं काही घडवायला वापरून पाहावीत. कॅमेरा न वापरता थेट प्रकाशाला प्रतिसाद देणारा कागद घ्यावा, आणि ग्रामोफोनच्या तबकडीवर आधीचा आवाज उतरवण्याऐवजी रेघा हाताने कोराव्यात व त्यातून कधी न ऐकलेला आवाज निघतो का ते बघावं. आवाज आणि प्रकाश, दोन्हींसाठी एकाच लेखात एकच प्रश्न. रेकॉर्डिंगवर पोट असलेल्या माणसाने तो स्वतःला अधूनमधून विचारावा असं मला वाटतं. पुढे मोहोली-नॉजने कॅमेऱ्याविना काढलेले फोटोग्राम भरपूर केले. कागदावर वस्तू ठेवायची, दिवा लावायचा, एवढंच. तुम्ही अजून केले नसतील तर आधी तेच करा. तुटलेल्या तारा, घोडी, जुन्या गजाचे केस, सगळं घरातच असतं.

एक प्रयोग मात्र खास आपल्यासाठी आहे. अर्न्स्ट क्लाडनी या जर्मन शास्त्रज्ञांनी १७८७ मध्ये तो प्रसिद्ध केला. धातूची किंवा काचेची सपाट पट्टी मधोमध पक्की धरायची, वर बारीक वाळू भुरभुरायची आणि कडेवर गज उभा ओढायचा. पट्टी गाऊ लागते. तिचे जे भाग थरथरतात तिथून वाळू उडते आणि जे स्थिर राहतात त्या रेषांवर येऊन बसते. कडेला एका ठिकाणी बोट टेकवलं की आकृती बदलते. तारेला हलकं बोट लावून आपण हार्मोनिक, म्हणजे तारेचा वरचा स्वर, काढतो, त्यामागचं तत्त्व हेच. स्वर चढा निघाला की नक्षी बारीक होते. मी हे काचेवर करते, कारण काच उचलून सायनोटाइपच्या कागदावर ठेवता येते आणि वर ऊन द्यायचं की वाळूखालच्या रेषा पांढऱ्या राहून बाकीचा कागद निळा होतो. काच सोडवताना जरा धक्का लागला की नक्षी मोडते. माझी दहापैकी आठ वेळा मोडते. उरलेल्या दोन्हींत एखादी कड घसरलेली असते, आणि मला त्याच आवडतात. यासाठी चांगला गज कधीही वापरू नका, काचेच्या कडेवर केस चिरतात. काचेच्या कडा घासून गुळगुळीत करून घ्या. आपली बोटं हीच आपली रोजीरोटी.

बोटांचा विषय निघालाच आहे तर तो पुरता सांगते, कारण तंतुवाद्य वाजवणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. तासभर हात पाण्यात राहिले की बोटांवरचे घट्टे मऊ पडतात. त्या संध्याकाळी कार्यक्रम असेल तर तार कापत जाते, पकड निसटते, सूर बसत नाही. मी एकदा हे मंचावर भोगलंय. तेव्हापासून कार्यक्रमाच्या दिवशी ओलं काम पूर्ण बंद. एरवीही हातमोजे आणि चिमटे वापरायचेच. पुष्कळ डेव्हलपरमध्ये मेटॉल नावाचं रसायन असतं आणि त्याने काहींच्या त्वचेवर पुरळ उठतं. एकदा ती संवेदनशीलता आली की सहसा जात नाही. दुसरं म्हणजे राळेची पूड. गजावरून उडणारी ती पांढरी धूळ निगेटिव्हवर, काचेवर, लेन्सवर चिकटून बसते. वाद्याची खोली आणि फोटोची खोली एकच असेल तर फोटोच्या वस्तू झाकणाच्या खोक्यात ठेवा. तुम्ही फुंकवाद्य वाजवत असाल तर बोटांचं हे दुःख तुम्हाला नाही, पण रसायनांच्या खोलीत हवा खेळती हवीच. या सगळ्यात एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. डार्करूममधली शांतता कानांना खरी विश्रांती देते. दोन दिवस मोठ्या आवाजात वाजवल्यावर तिसऱ्या दिवशी तिथे हेडफोन लावून गाणी ऐकू नका.

लय हीसुद्धा आपली जमेची बाजू. प्रिंट काढताना एखादा भाग हाताने झाकायचा, दुसऱ्याला जास्त प्रकाश द्यायचा, हे सगळं सेकंदांवर चालतं. नवखे लोक घड्याळाकडे बघतात आणि हात चुकतो. तुम्ही मिनिटाला ६० ठोक्यांवर मेट्रोनोम लावा, नजर कागदावर ठेवा. अॅन्सल अॅडम्स हा अमेरिकन फोटोग्राफर डार्करूममध्ये मेट्रोनोम वापरायचा. तरुणपणी त्याने पियानोवादक होण्यासाठी वर्षानुवर्षं तालीम केली होती. निगेटिव्ह म्हणजे रचना आणि प्रिंट म्हणजे तिचं वादन, असं तो मानायचा. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा सुंदर उपमा म्हणून सोडून दिलं. पुढे एकाच निगेटिव्हचे दोन वर्षांच्या अंतराने काढलेले माझे दोन प्रिंट शेजारी ठेवले आणि चपापले. पहिल्यात सगळं काळजीपूर्वक, समतोल, कुठेही सावली गच्च नाही. दुसऱ्यात अर्धा कागद काळाभोर. त्याच दोन वर्षांत माझं वाजवणंही तसंच बदललं होतं, हे मला प्रिंट बघून कळलं.

आता वेळेचं. सुटीचा अख्खा दिवस छंदाला देता, हे मला थोडं खटकतं, आणि त्याचं कारण रियाज नव्हे. पूर्ण दिवस दिला की त्यातून काहीतरी निघायलाच हवं असं वाटू लागतं. मग डब्यावरही क्लिक ट्रॅक चढतो. पिनहोल आणि सायनोटाइप हे दोन्ही प्रकार मुळात रिकाम्या फटींत बसणारे आहेत. सकाळी डबा खिडकीत ठेवा, रियाजाला बसा, उठल्यावर झाकण लावा. आदल्या रात्री कागदाला द्रावण लावून अंधारात सुकत ठेवा, दुसऱ्या दिवशी शिकवणीच्या मधल्या वीस मिनिटांत ऊन दाखवा. माझे बहुतेक प्रिंट असेच निघालेत.

पैशांबाबत मी ठाम आहे: निदान पहिली तीन वर्षं यातून काही कमवू नका. माझ्या ओळखीतल्या एका गिटारवादकाने छान फोटो काढायला सुरुवात केली, लोकांनी कार्यक्रमांचे फोटो काढून मागितले, वर्षभरात त्याच्याकडे दोन नोकऱ्या झाल्या आणि छंद एकही उरला नाही. तुम्हाला गरज कमाईच्या दुसऱ्या वाटेची असेल तर ती जरूर शोधा, तो वेगळा आणि तितकाच रास्त प्रश्न आहे. पण डब्यावर हे ओझं टाकू नका.

कॅमेरा घेऊन कामावर जाणं मात्र निराळं. मिल्ट हिंटन हे जॅझमधले अतिशय कामसू बासवादक. कॅब कॅलोवे या गायकाच्या वाद्यवृंदात १९३६ पासून जवळपास १५ वर्षं, आणि नंतर असंख्य रेकॉर्डिंग. १९३५ मध्ये त्यांना एक कॅमेरा भेट मिळाला आणि पुढे आयुष्यभर ते सोबतच्या वादकांचे फोटो काढत राहिले: प्रवासात झोपलेले, स्टुडिओत वाट बघणारे, मंचामागे थकून बसलेले. त्यांच्या मागे सुमारे ६० हजार निगेटिव्ह उरल्या. ते फोटो प्रायोगिक नाहीत, पण रोजच्या कामाच्या माणसाची नजर त्यांत आहे. बाहेरून आलेल्या फोटोग्राफरला मंचावरचा झोत दिसतो. आपल्याला साउंड चेक आणि कार्यक्रम यांच्यामधले ते लांबलचक दोन तास माहीत असतात. मला वाटतं, आपल्यासारख्यांनी पिनहोलचा डबा तिथेच न्यावा.

दोन्ही गोष्टी जोडायची घाई करू नका. माझ्या फोटोंवर संगीत, संगीताबरोबर फोटोंचं प्रदर्शन, हे सुचणारच. पहिली काही वर्षं मी तो मोह टाळला आणि बरं केलं. वाद्यावर परत आणायची ती डब्याने लावलेली सवय: न ठरवता सुरू करायचं आणि मधे हात लावायचा नाही. रोज वीस मिनिटं मी अशी वाजवते, की काय वाजवायचं ते ठरलेलं नसतं, रेकॉर्डर बंद असतो आणि मधे थांबून दुरुस्ती करायची नाही असा नियम असतो. सूर घसरला तर घसरलेल्या सुरावरच पुढे जायचं. पहिले दोन आठवडे भयंकर गेले. हात तोंडपाठ तुकड्यांकडेच धावत होते आणि तपासनीस ओरडत होता. तिसऱ्या आठवड्यात एकदा मोकळ्या तारेची आस विरेपर्यंत मी थांबले आणि तिच्या शेवटी तारेपेक्षा लाकडाचाच आवाज जास्त आहे, हे ऐकलं. २६ वर्षांतली बरीच वर्षं तो आवाज तिथे होताच. ही वीस मिनिटं तांत्रिक रियाजाच्या जागी घालू नका, त्याला जोडून घाला. स्वरसाधना सुटली तर महिन्याभरात कामावर परिणाम दिसतो.

आता निळा रंग. सायनोटाइपची कृती जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८४२ मध्ये शोधली आणि आजही जवळपास तीच वापरतात: १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या १०० मिलिलिटरमध्ये १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड, दोन्ही वेगळ्या गडद बाटल्यांत, आणि वापरायच्या वेळीच समसमान मिसळायचं. मिसळलेलं द्रावण उद्यासाठी ठेवू नका. धुताना पिवळट-हिरवट पाणी निघणं ठीकच आहे, ते न वापरलं गेलेलं रसायन असतं. पण चित्रच वाहून जात असेल तर बहुधा ऊन कमी पडतंय. कागद निळसर दिसला की आपण थांबतो, तिथे थांबायचं नाही. गडद भाग निळ्याकडून करड्या, कांस्यासारख्या छटेकडे वळेपर्यंत उन्हात ठेवा. फोटो जास्त भाजला असं वाटेल, तसं वाटू द्या. तरीही रंग उतरला तर कागद बदला. पुष्कळ चांगल्या कागदांत टिकाऊपणासाठी खडू मिसळलेला असतो आणि क्षाराशी (अल्कलीशी) या निळ्याचं मुळीच जमत नाही. नळाचं पाणी क्षारयुक्त असलं तरी तेच होतं, म्हणून पहिल्या धुण्यात चमचाभर व्हिनेगर घाला. साबणाच्या जवळपास प्रिंट नेऊ नका. आणि ओला प्रिंट फिका दिसतोय म्हणून फेकू नका. हवा लागून पूर्ण निळाई चढायला एक दिवस जातो.